नद्यांचा गाळ आणि पोवळ्यांचे खडक

(नभोवाणीवरील भाषण)

पावसाळ्याच्या पहिल्या पुरांत तांबूस पाणी येऊं लागलें म्हणजे पूर्वी आपल्या घरोघरीं तुरटीचा खडा बाहेर निघत असे. खेडोपाडीं तो अजूनहि निघतो. हंड्यांत खडा दोन-चार वेळां फिरवावा, हंडा रात्रभर न हालवतां ठेवावा, आणि सकाळीं वरचें निवळ पाणी हलक्या हातानें काढून घ्यावें. तळाशीं बोटभर चिखल उरतो.

श्रोतेहो, नदी समुद्राला मिळते तेथें निसर्ग हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करीत असतो. तुरटीचें काम तेथें समुद्राचें मीठ करतें. गोड्या पाण्यांत मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटीत असतात, म्हणून ते अलग अलग तरंगतात. खाऱ्या पाण्यांत शिरतांच त्यांचें हें परस्परांतील वांकडें संपतें, ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजके जड झाल्यामुळें खालीं बसूं लागतात. परंतु समुद्राचा हंडा कोणी रात्रभर न हालवतां ठेवीत नाहीं. वारा, लाटा, भरती आणि ओहोटी त्याला अहोरात्र ढवळीत असतात. म्हणून घरच्या हंड्याला जेथें एक रात्र पुरते तेथें समुद्राला कित्येक महिने लागतात. आणि तेवढ्या महिन्यांत त्या पाण्याखालीं सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या जीवांचे हाल होतात. त्या जीवांपैकीं मुख्य म्हणजे पोवळीं, आणि आजचें बोलणें त्यांच्याविषयीं आहे.

पोवळें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें सराफाच्या दुकानांतलें, मंगळाच्या अंगठीसाठीं घेतलेलें तांबडें पोवळें येतें. तें भूमध्य समुद्रांत, खोल आणि अंधाऱ्या जागीं होतें; प्रकाशावांचून त्याचें अडत नाहीं, आणि आजच्या हकीकतींत त्याला जागा नाहीं. मी बोलतों आहें तें उष्ण कटिबंधांतल्या उथळ समुद्रांत मैलोगणती खडक बांधणाऱ्या पोवळ्यांबद्दल. आपल्या जुन्या शालेय पुस्तकांतून या प्राण्याला 'प्रवाळकीटक' असें नांव दिलेलें असे. नांव चुकीचें आहे. हा कीटक नव्हे. लाटांवर तरंगणाऱ्या जेलीमाशाचा हा सोयरा आहे. देह पिशवीसारखा, वर तोंड, तोंडाभोंवतीं बारीक हातांची झालर, आणि बुडाखालीं चुन्याची वाटी. असे हजारों जीव एकमेकांना लागून वाट्या बांधीत राहतात, जुन्या वाट्यांवर नव्या वाट्या चढतात, आणि शतकांनंतर तेथें बोटी फोडणारा खडक उभा राहतो.

एवढें बांधकाम करण्यास या चिमुकल्या जीवाला बळ कोठून येतें? समुद्र उष्ण आणि स्वच्छ असला म्हणजे त्यांत अन्न बेताचेंच असतें. या कोड्याचें उत्तर पोवळ्याच्या देहांतच दडलेलें आहे. त्याच्या पेशींच्या आंत एक अतिसूक्ष्म शैवाल राहतें. झाडाचें पान जें करतें तेंच तें करतें: प्रकाश घ्यावा, शर्करा तयार करावी. त्या शर्करेचा फार मोठा वांटा शैवाल घरमालकाला भाड्यादाखल देतें. १९५० नंतरच्या दशकांत थॉमस गोरो या शास्त्रज्ञानें जमैका बेटावर किरणोत्सारी कॅल्शियम वापरून असें दाखवून दिलें कीं, तेंच पोवळें अंधारापेक्षां उजेडांत चुना कितीतरी अधिक वेगानें सांठवतें. तेव्हां पोवळ्यांचा खडक हा सूर्यप्रकाशावर चालणारा चुन्याचा कारखाना आहे, आणि त्याचा कोळसा वरून, पाण्यांतून गाळून येतो. पाणी गढूळ झालें कीं कोळसा तुटला.

तो किती तुटतो हें हिशेब केल्याशिवाय ध्यानांत येत नाहीं. हिशेबापुरतें असें समजा कीं, पृष्ठभागावर शंभर रुपयांचा प्रकाश पडला, आणि पाणी इतकें निर्मळ आहे कीं प्रत्येक मीटर खोलीला त्यांतला दहावा हिस्सा जकात म्हणून कापला जातो. पहिल्या मीटरनंतर नव्वद रुपये उरले. दुसऱ्यानंतर, नव्वदांचा दहावा हिस्सा जाऊन, एक्यायशीं. असें करीत दहा मीटरांवर सुमारें पस्तीस रुपये पोंचतात. आतां पाणी थोडें गढूळ झालें, आणि जकात दहाव्या हिश्श्याऐवजीं दहांत तीन झाली. जकात तिप्पट झाली, तर उत्पन्न तिसऱ्या हिश्श्यावर येईल असें वाटतें. पण चक्रवाढीचा व्यवहार तसा नसतो. दहा मीटरांवर आतां तीन रुपयेहि पोंचत नाहींत. वरून बोटींतून पाहणाराला पाणी जरा हिरवट-मळकट झाल्यासारखें दिसेल इतकेंच. खालच्या पोवळ्याचें उत्पन्न मात्र बारा आण्यांनीं नव्हे, चौदा-पंधरा आण्यांनीं बुडालें.

पाण्याची स्वच्छता मोजण्याचें साधन अगदीं घरगुती आहे. आंजेलो सेक्की नांवाचा एक इटालियन धर्मगुरु नामांकित ज्योतिर्विद होता. १८६५ सालीं पोपच्या मालकीच्या जहाजावरून भूमध्य समुद्रांत फिरतांना त्यानें एक पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यांत सोडली, आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें टिपून ठेवलें. ताऱ्यांचा तेजोमापक पाण्यांत उतरला म्हणावयाचा! आज यंत्रें पुष्कळ आलीं आहेत, तरी सेक्कीची तबकडी अजून प्रत्येक सागरशास्त्रज्ञाच्या बोटीवर असते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर शेंकडों खडकांची पाहणी करून २०१० सालीं तेथील शास्त्रज्ञांनीं असा आडाखा बांधला कीं, ही तबकडी वर्षाच्या सरासरीनें दहा मीटरांपर्यंत दिसत असली म्हणजे पोवळीं सुखांत आहेत. त्याच्या अलीकडे ती नाहींशी होऊं लागली कीं पोवळ्यांच्या जाती कमी होतात आणि खडकावर केसाळ शेवाळाचें राज्य सुरू होतें.

नद्यांचें आणि पोवळ्यांचें जमत नाहीं हें निरीक्षण मात्र फार जुनें आहे. चार्ल्स डार्विननें १८४२ सालच्या आपल्या प्रवाळखडकांवरील ग्रंथांत नोंदून ठेवलें आहे कीं, बेटांभोंवतीं पोवळ्यांची जी भिंत असते तिला नेमकें दऱ्यांच्या व ओढ्यांच्या तोंडासमोर खिंडार असतें. आपल्या देशाचा नकाशा पाहिला तरी हेंच आढळेल. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरसाल सुमारें शंभर कोटी टन माती जेथें ओततात त्या बंगालच्या किनाऱ्याशीं पोवळ्यांच्या भिंती नाहींत. त्या आहेत लक्षद्वीपांत, जेथें एकहि नदी नाहीं. अंदमानांत, आणि मन्नारच्या आखातांत. कोंकणच्या किनाऱ्यावर मोठा प्रवाळखडक न होण्याच्या कारणांत पावसाळ्यांतील आमच्या आंखूड, उतावळ्या नद्यांचें लाल पाणी हें एक आहेच. तरीहि मालवणला सिंधुदुर्गाच्या तटाभोंवतीं थोड्या मीटरांच्या पाण्यांत पोवळीं आहेत, आणि १९८७ सालीं त्या भागाला सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यांत आलें. दिवाळीनंतर तेथें पाण्यांत उतरणाऱ्या प्रवाशांना पोवळीं पाहावयास मिळतात. चिवट जातींचीं हीं पोवळीं आषाढ-श्रावणांत, जेव्हां तेथें कोणी प्रवासी फिरकत नाहीं तेव्हां, काय सोसत असतील याची कल्पना त्यांना क्वचितच असते.

या प्रश्नाचा सर्वांत कसून अभ्यास झाला आहे तो ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, 'ग्रेट बॅरिअर रीफ' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या खडकमालेवर. सुमारें २,३०० किलोमीटर लांबीची, सुमारें तीन हजार खडकांची ही माला. तेथें १९२८-२९ सालीं मॉरिस यंग या तरुण प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं एक ब्रिटिश पथक लो आइल्स नांवाच्या चिमुकल्या बेटांवर वर्षभर तळ देऊन राहिलें होतें. पथकांतील शीना मार्शल आणि अँड्र्यू ऑर या दोघांनीं खडकावर जागोजागीं बरण्या ठेवून त्यांत किती गाळ जमतो तें मोजलें, आणि पोवळ्यांवर वाळू टाकून तीं ती कशी झटकतात तेंहि पाहिलें. पोवळें आपल्या अंगावरच्या सूक्ष्म केसांनीं आणि बुळबुळीत स्रावानें वाळूचे कण लोटून देतें. थोड्याबहुत गाळाला तें दाद देत नाहीं. निरीक्षण अचूक होतें. मात्र यंग याचें मत असें होतें कीं, पोवळें हा शुद्ध मांसाहारी प्राणी असून देहांतल्या शैवालाचा त्याला उपयोग मुख्यतः मलनिःसारणापुरता. त्यामुळें गाळाचें ओझें मोजलें गेलें. गाळाची सांवली मोजण्याची निकड भासली नाहीं. तिचें महत्त्व कळण्यास गोरो व त्याच्या मागून आलेले संशोधक यावे लागले.

आतां ज्या नदीबद्दल मला सांगावयाचें आहे ती बर्डेकिन. टाउन्सव्हिल आणि बोवेन या दोन बंदरांच्या दरम्यान ती समुद्राला मिळते. तिचें खोरें सुमारें एक लक्ष तीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दोन-पंचमांशाहून थोडें अधिक. त्यांतला बहुतेक प्रदेश विरळ झाडींचें माळरान असून त्यावर मांसासाठीं गुरें पोसलीं जातात. वर्षांतले बहुतेक महिने नदींत वाळूच वाळू असते. मग उन्हाळ्याच्या शेवटीं, म्हणजे त्यांच्याकडे जानेवारी-फेब्रुवारींत, एखादें चक्रीवादळ येतें आणि दोन-तीन आठवड्यांत वर्षभराचें पाणी तपकिरी लोंढ्याच्या रूपानें समुद्रांत जातें. पृथ्वीच्या परिवलनामुळें आणि आग्नेयेच्या वाऱ्यामुळें तो लोंढा किनाऱ्याला धरून उत्तरेकडे वळतो. त्यामुळें बाहेरच्या खडकांपर्यंत तो सहसा पोंचत नाहीं. पण २०१९ च्या फेब्रुवारींतील महापुरांत तो किनाऱ्यापासून साठ किलोमीटरांवरील बाहेरच्या खडकांपर्यंत जाऊन भिडला होता.

त्या लोंढ्यांतील सगळीच माती सारखी नसते, आणि या विषयांतली खरी गोम येथें आहे. कण लहान झाला कीं तो सावकाश बुडतो हें कोणासहि ठाऊक असतें. परंतु किती सावकाश? कणाची रुंदी दहावा हिस्सा झाली तर बुडण्याचा वेग दहावा न होतां शंभरावा हिस्सा होतो. एक दशांश मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण शांत पाण्यांत दहा मीटर खालीं जाण्यास सुमारें वीस मिनिटें घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या कणाला तोच प्रवास करण्यास सव्वा दिवस लागतो. आणि त्याच्याहि दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, चिकणमातीचा एकटा कण चार महिने वाटेंतच असतो! म्हणून बर्डेकिनची वाळू आणि भरड गाळ मुखापासून पहिल्या दहाएक किलोमीटरांतच खालीं बसतो. पोवळ्यांना त्याचा उपद्रव नाहीं. पुढें जातो तो मिलिमीटरच्या साठाव्या भागाहूनहि बारीक असा गाळ. मिठानें त्याचे पुंजके होतात खरे, पण सूक्ष्म जीवांचा चिकट स्राव आणि कुजलेलीं सेंद्रिय द्रव्यें त्यांत मिसळून ते पुंजके कापसाच्या पेळूसारखे फुगीर व हलके होतात. तळावर असा पेळू बसला तरी जरा वारा सुटला कीं पुन्हां उठतो. टनांच्या हिशेबानें हा गाळ थोडा. पण प्रकाश अडविण्यांत तो सर्वांत पटाईत, कारण तेवढ्याच वजनाच्या वाळूपेक्षां त्याचें एकूण पृष्ठफळ कितीतरी मोठें असतें. एक खडा खिडकींत ठेवला तर उजेड अडत नाहीं. तोच कुटून त्याची पूड कांचेला फांसली तर खोली अंधारते.

पोवळ्याच्या अंगावर बसण्यांतहि हाच गाळ अधिक घातक ठरतो. वाळूचा थर पोवळें झटकतें, किंवा कांहीं दिवस सोसतें. सेंद्रिय द्रव्यानें चिकट झालेल्या गाळांत मात्र जंतूंची वाढ होते, ते पाण्यांतला प्राणवायु खाऊन टाकतात, आणि खालची त्वचा थोड्या दिवसांतच मरूं लागते. शिवाय नवीन पिढीचा प्रश्न असतो. पोवळ्याचें पिल्लू प्रथम पाण्यांत पोहत असतें. मग एखादा स्वच्छ, कठीण पृष्ठभाग शोधून तें तेथें कायमचें ठाण मांडतें. शेवाळाच्या गालिच्यांत मुरलेला चिखल म्हणजे त्याच्या दृष्टीनें पाटी पुसलेली नसलेली शाळा. तेथें तें टिकत नाहीं. आणि पोवळ्यांच्या शेजाराचें काय होतें तें २०११ सालीं सर्वांनी पाहिलें. त्या वर्षीच्या प्रचंड पुरांनंतर किनाऱ्यालगतचीं समुद्री गवताचीं कुरणें प्रकाशावांचून मेलीं, आणि त्या गवतावर चरणारे डुगाँग व हिरवीं कासवें उपासमारीनें मोठ्या संख्येनें किनाऱ्यावर मरून पडलीं.

येथपर्यंतचें ऐकून एखाद्या चिकित्सक श्रोत्याच्या मनांत एक शंका येईल, आणि ती ऑस्ट्रेलियांतील कांहीं भूशास्त्रज्ञांनींहि जोरानें मांडली होती. किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर हजारों वर्षांचा गाळ आधींच सांचलेला आहे. वारा सुटला कीं तो उठतो आणि पाणी गढुळतें; त्यांत नदीनें यंदा आणखी थोडी भर टाकली तर असा काय फरक पडणार? शिवाय टाउन्सव्हिलच्या आसपास अशा मळकट पाण्यांतच वाढलेले खडक आहेत, आणि त्यांतील कांहीं चांगल्या वेगानें वाढलेले आहेत. दुसरें विधान खरें आहे. आमच्या कच्छच्या आखातांतहि गढूळ पाण्यांत तग धरणाऱ्या जाती आहेत. परंतु मळकट पाण्याला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेल्या चार जाती जगतात यावरून निर्मळ पाण्यांतल्या शेंकडों जातींना तें मानवेल असें ठरत नाहीं. कांबळें पांघरून पावसांत गुरें राखणारा गुराखी असतो, म्हणून कोणी तान्ह्या मुलाला पागोळीखालीं निजवीत नाहीं.

पहिल्या शंकेला उत्तर द्यावयाचें तर समुद्राकडे एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षें रोज पाहणारा डोळा हवा होता. तो कृत्रिम उपग्रहानें दिला. टाउन्सव्हिलजवळच्या सागरविज्ञान संस्थेंतील काटारीना फॅब्रिशियस आणि त्यांचे सहकारी यांनीं दहा वर्षांचीं उपग्रहचित्रें घेऊन पाण्याची स्वच्छता दिवसागणिक मोजली, आणि तींतून वारा, लाटा व भरती-ओहोटी यांचा हिस्सा गणितानें वजा केला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, वजाबाकी करून जो फरक उरतो तो बर्डेकिनच्या पुराच्या मागोमाग चालतो. साध्या भाषेंत सांगावयाचें तर, तोच वारा, त्याच लाटा. पण कोरड्या वर्षानंतर पाणी जितकें गढुळतें त्याहून ओल्या वर्षानंतर अधिक गढुळतें, आणि निवळण्यास कित्येक महिने घेतें. किनाऱ्यालगत हा परिणाम ठळक होता, परंतु मधल्या पट्ट्यांतल्या खडकांपर्यंतहि तो दिसला. नवा गाळ हा जुन्या, दबलेल्या गाळासारखा नसतो. तो ताजा, फुगीर आणि चंचल असतो, हेंच त्याचें कारण.

मग दुसरा वाद. नदी काय, पूर्वीहि गढूळच वाहत असेल. आमच्या गुरांना कां दोष देतां, असें पशुपालक म्हणत. प्रश्न रास्त होता. दीडशें वर्षांपूर्वी नदीचा गाळ कोणी मोजून ठेवला नव्हता. साक्ष काढावी तरी कोणाची? ती निघाली खुद्द पोवळ्यांचीच. 'पोराइटीस' नांवाचें एक घुमटाच्या आकाराचें पोवळें असतें. तें वर्षाला एखाद-दीड सेंटिमीटर वाढतें, आणि झाडाच्या खोडाप्रमाणें त्याच्या चुन्यांत वर्षाचीं वलयें उमटतात. १९८४ सालीं पीटर इस्डेल या ऑस्ट्रेलियन संशोधकानें दाखवलें होतें कीं, किनाऱ्याजवळच्या अशा पोवळ्याचा काप अतिनील दिव्याखालीं धरला तर पुराच्या वर्षांच्या रेषा चमकतात. मग माल्कम मॅककुलक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हॅवना नांवाच्या खडकावरील पोवळ्याला भोंक पाडून आंतली कांडी काढली. हा खडक बर्डेकिनच्या मुखापासून शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेस आहे. कांडींत सुमारें १७५० पासून १९९८ पर्यंतचा इतिहास होता. त्यांनीं प्रत्येक थरांत बेरियम या धातूचें प्रमाण तपासलें. बेरियम नदींतल्या मातीच्या कणांना चिकटून येतो, खाऱ्या पाण्यांत सुटा होतो, आणि पोवळें आपल्या चुन्यांत कॅल्शियमच्या जागीं त्याचे थोडे अणु बसवून घेतें. म्हणजे माती जितकी जास्त, तितका बेरियम जास्त. २००३ सालीं जाहीर झालेला निकाल असा होता: १८७० च्या सुमारापर्यंत पूर येत, चमकणाऱ्या रेषा उमटत, पण बेरियम फारसा वाढत नसे. १८७० नंतर मात्र पुराबरोबर येणारा गाळ पांच ते दहा पटींनीं वाढला. बोवेन बंदर वसलें १८६१ सालीं; त्यानंतरच्या दहा वर्षांत मेंढ्या आणि गुरें आंत शिरलीं, आणि चार्टर्स टॉवर्सला सोनें सांपडून १८७० नंतर तिकडे माणसांची रीघ लागली. पंचांग जुळतें. पाऊस पूर्वींचाच होता. जमीन बदलली होती.

जमिनीच्या कोणत्या भागांतून ही माती येते हेंहि आतां कळलें आहे, आणि तें कळण्याची रीत मोठी नवलाची आहे. १९५० ते १९६५ च्या सुमारास जगांत अणुबाँबच्या ज्या चांचण्या उघड्या हवेंत झाल्या त्यांतून सीझियम नांवाच्या धातूचा किरणोत्सारी प्रकार वातावरणांत पसरला, पावसाबरोबर सर्वत्र उतरला, आणि मातीच्या वरच्या कांहीं सेंटिमीटरांत घट्ट चिकटून बसला. खालच्या मातीला तो शिवला नाहीं. तेव्हां नदीच्या गाळांत हा सीझियम सांपडला तर तो गाळ वरच्या कातडीचा, न सांपडला तर खोल मासाचा. बर्डेकिनच्या गाळांत तो फारच थोडा निघाला. याचा अर्थ असा कीं, माळावरची वरची माती सारखी धुपून जाते ही समजूत अपुरी होती. गाळाचा मोठा भाग येतो तो खोल कापत जाणाऱ्या घळींतून आणि नदीच्या खचणाऱ्या दरडींतून. घळींनीं व्यापलेली जमीन खोऱ्याचा अगदीं लहानसा अंश आहे, पण सगळ्या समुद्राची सांवली तिच्यांतून निघते. १९८७ सालीं बांधून झालेलें बर्डेकिनवरचें मोठें धरण भरड गाळ अडवतें. बारीक गाळ बऱ्याच अंशीं त्याच्या भिंतीवरून निघून जातो, आणि बोवेन नांवाची जी उपनदी सर्वांत गढूळ आहे ती तर धरणाच्या खालच्या अंगाला येऊन मिळते.

ही माती इतकी विरघळूं कां लागते? कारण ती चोपण आहे. सांगली-कोल्हापूरकडील उसाच्या शेतकऱ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाहीं. चोपण मातींत सोडियमचें प्रमाण जास्त असतें. पाणी लागलें कीं तिचे कण एकमेकांचा हात सोडून देतात आणि दुधासारखें पाणी वाहूं लागतें. गवताचें आणि वरच्या कठीण थराचें कवच असेपर्यंत ती झांकून राहते. गुरांच्या वाटेनें, गाडीरस्त्यानें किंवा दुष्काळांत उघड्या पडलेल्या ओढ्याकांठीं एकदां तें कवच फुटलें कीं घळ माथ्याकडे दरसाल खात जाते. उपायहि सांगली-कोल्हापूरकडचाच आहे: जिप्सम. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतो आणि कण पुन्हां एकमेकांना धरतात. तिकडे आतां यंत्रांनीं घळींचे उभे कांठ उतरते करतात, मातींत जिप्सम मिसळतात, पाण्याच्या वाटेवर दगड पसरतात, वर गवत पेरतात, आणि गुरें आंत येऊं नयेत म्हणून कुंपण घालतात. खर्च मोठा आहे. म्हणून सर्वांत जास्त गाळ देणाऱ्या घळी आधीं निवडाव्या लागतात.

पोवळ्यांच्या दुर्दैवाचें सगळें खापर गाळावर फोडणें मात्र अन्यायाचें होईल. १९८५ ते २०१२ या काळांत या खडकमालेवरील जिवंत पोवळ्यांचें आच्छादन अठ्ठावीस टक्क्यांवरून चौदा टक्क्यांखालीं आलें, आणि त्याचीं मोठीं कारणें म्हणजे चक्रीवादळें व पोवळीं खाणारा कांटेरी तारामासा. पुढें १९९८ आणि २००२ पेक्षांहि भयंकर अशी उष्णतेची लाट २०१६ सालीं आली; मग २०१७, २०२०, २०२२, २०२४. पाणी तापलें कीं पोवळें आपल्या देहांतलें शैवाल बाहेर टाकतें आणि पांढरें पडतें. त्यावर घळ बुजवणें हा उपाय नव्हे. परंतु वादळानें मोडलेला किंवा उष्णतेनें भाजलेला खडक पुन्हां उभा राहावयाचा तर त्याला नवीं पिल्लें बसण्यास स्वच्छ जागा आणि वाढण्यास उजेड पाहिजे; आणि दोन आपत्तींमधला अवकाश आतां इतका आंखूड झाला आहे कीं त्यांतले सहा महिने गढूळ सांवलींत गेले तर उरतें काय? हवेची उष्णता एका देशाच्या हातीं नाहीं. घळ मात्र एका शेताच्या कुंपणांत असते.

त्या सरकारांनीं २०२५ पर्यंत सूक्ष्म गाळ चतुर्थांशानें घटविण्याचें उद्दिष्ट ठेवलें होतें. अशा आंकड्यांचा ताळा पाहतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. बर्डेकिन एका अवर्षणाच्या सालीं जितका गाळ आणते त्याच्या कितीतरी पट एका महापुराच्या सालीं आणते. त्यामुळें लागोपाठ दोन कोरडीं वर्षें आलीं कीं काम फत्ते झाल्याचा भास होतो, आणि पुढच्याच वादळांत सगळें वाहून गेल्यासारखें वाटतें. बुजवलेल्या घळींचा गुण दिसावयाचा तो ओल्या-कोरड्या सालांची सरासरी काढून, दहा-वीस वर्षांच्या मोजणीनंतर. आणि तेवढी वर्षें नदीच्या मुखाशीं बाटल्यांत पाणी भरून घेण्यासाठीं, बोटींतून ती पांढरी तबकडी सोडण्यासाठीं कोणीतरी पगारावर असावें लागतें.